आज खरंच आलेय रे

महानंदाअक्का गेल्याची बातमी मला मंठाळला एका लग्नात कळली आणि माझ्यासोबत ती पाचशे वऱ्हाड्यांनाही कळली. माझा मंडपाचा आणि माईकचा धंदा. मुहूर्ताला थोडाच वेळ होता, मी स्टेजवर ‘हॅलो हॅलो’ करत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. माईक तोंडापासून दूर करायचं भान राहिलं नाही. “अक्का गेल्या?” हे माझे शब्द चारही कर्ण्यांतून मंडपभर फिरले. बायका अक्षता मुठीत धरून उभ्याच राहिल्या. नवरदेवाचा मामा धावत आला, “कोनाची अक्का? आमची का तुमची?” आमची, म्हणालो. तो म्हणाला, “मग बंद करा की ते आधी!” मी बटण दाबलं. माईक वेळेवर बंद करायला मी याआधीही एकदा चुकलो होतो. त्याबद्दलच लिहायचं आहे.

बिदर जिल्ह्यात मन्नाएखेळ्ळीच्या पुढं, हमरस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर अजून तिथंच नोकरीला आहेत आणि मला त्यांच्याकडूनच इंजेक्शन घ्यायचं असतं. या सरकारी दवाखान्यावर देखरेख ठेवायला गावकऱ्यांची एक बिनपगारी समिती आहे. अक्का तिच्यात होत्या, मीही होतो. अक्का कापडदुकानाच्या मालकीण, नवरा गेल्यावर एकटीनं दुकान चालवलेल्या. गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये गोड, उधारीवाल्याशी दखनी उर्दूत तिखट आणि आमच्याशी मराठीत दोन्ही. मी समितीत होतो तो माझा आवाज मोठा आणि माईकवर या तिन्ही भाषा बोलतो म्हणून.

आमची देखरेख कशी चालायची, तेही सांगतो. जायचा दिवस आधी कळवायचा. गेल्यावर खुर्च्या, शाल, हार. मग चहा आणि सुशीला... चुरमुऱ्यांचा, वर शेंगदाणे पेरलेला. सुशीला खाऊन झाल्यावर “औषधं मिळतात का?” असं विचारायला जीभ वळत नाही हो! आम्ही ढेकर देऊन ‘समाधानकारक’ म्हणायचो आणि शाल घेऊन घरी यायचो. माझ्याकडं अशा बऱ्याच शाली जमल्या आहेत.

अक्कांनी शाल घेतली नाही. त्या दुसऱ्याच दिवशी एकट्या गेल्या, विटकं लुगडं नेसून, पदर डोळ्यापर्यंत ओढून, आणि रांगेत बसल्या. सिस्टर खिडकीतूनच म्हणाल्या, “ए म्हातारे, उद्या ये. आज टायम संपला.” अक्कांनी पदर वर केला. “उद्या पन मीच येनार हाय, बाई. आजच बघून घे.” त्यानंतर त्या महिन्यातून एकदा तरी अशा जायच्याच. उन्हातली रांग सावलीत आली. बाळंतिणीच्या खोलीला दार बसलं. आणि ‘बाहेरून आणा’ हे दोन शब्द जरा जपून वापरले जाऊ लागले.

मी एकदा म्हणालो, “अक्का, आता समदे ओळखतेत तुमाला. सोंग कामून घ्यायलाव?” त्या कापड मोजता मोजता म्हणाल्या, “आरं, मी हाय का न्हाई ह्याची खात्री नसली म्हंजे झालं. मग समद्याच म्हाताऱ्यांना नीट बोलतेत.” केवढी हुशारी! रांगेतली कुठलीही म्हातारी महानंदाअक्का असू शकते, या एका धास्तीवर आमचा दवाखाना सुधारत होता.

त्या धास्तीची मी वाट लावली. नक्कल हा माझा पिंडच आहे. लग्नात जेवणावळीनंतर, हॉटेलात, बसस्टँडवर, जिथं चार माणसं दिसतील तिथं मी अक्का व्हायचो. कमरेत वाकणं, डाव्या हातानं पदर दातात देणं, तो दोन तुकड्यांतला खोकला, मग एकदम ताठ होऊन “आजच बघून घे!” लोक लोळायचे. खुद्द सिस्टरनीसुद्धा दोनदा करायला लावलं. अख्ख्या गावाला मी अक्का पाठ करून दिल्या. परिणाम असा झाला, की आता लांबूनच सांगता यायचं, ही अक्का आणि ही नुसती म्हातारी. नुसत्या म्हातारीला परत ‘उद्या ये’ ऐकू येऊ लागलं होतं. ते माझ्या कानावरही आलं होतं. पण नक्कल रंगात आली होती...

त्या दिवशी दवाखान्यात लसीकरण होतं. बाया-पोरांना बोलवायला मी व्हरांड्यात माईक घेऊन बसलो होतो. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले. अक्का फाटकातून आल्या. कमरेत वाकलेल्या, पदर दातात, हात छातीशी. मला राहवतंय का! “माता-भगिनींनो, सावध व्हा! तपासनी पथक दाखल झालेलं हाय!” सगळी रांग हसली. सिस्टर धावत आल्या, खुर्ची आली, चहा आला.

अक्का माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “हणमंता, आज खरंच आलेय रे.”

आणि मी... मी ते माईकवर सांगितलं. “ऐका हो ऐका, आज खरंच आलेत म्हने!”

टाळ्या पडल्या. सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, “अक्का, आज लई झ्याक करायलाव बघा,” आणि दंडाला धरून त्यांना दवाखाना दाखवायला घेऊन गेल्या. धुतलेल्या चादरी, लशींचा फ्रीज, नवा पंखा. इतकी चांगली सेवा त्या दवाखान्यात आजवर कुणाला मिळाली नसेल. तपासलं तेवढं नाही. अक्कांनी सगळं पाहिलं, पंख्याकडं बघून मान हलवली, चहा अर्धा ठेवला आणि फाटकाच्या बाहेर गेल्या. मी पाठीमागून त्यांचाच खोकला काढला.

संध्याकाळी मुलानं त्यांना बिदरला नेलं. हृदयविकाराचा झटका सकाळीच येऊन गेला होता, तिथले डॉक्टर म्हणाले.

दोन दिवसांनी मी भेटायला गेलो. वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती, कन्नड-मराठी दोन्हींत. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. मला तोंड उघडू दिलं नाही. “तू माझी नक्कल लई चांगली करतूस म्हने. मला कवा दावली न्हाईस.”

“अक्का, ऱ्हाऊ द्या...”

“कर की. मी सोडून समद्या गावानं बघितलीय.”

केली. त्या कॉटच्या पायथ्याशी उभा राहून वाकलो, शर्टाची कॉलर पदरासारखी दातात धरली, खोकलो. शेजारच्या कॉटवरची बाई खुदकन हसली. अक्का हसल्या नाहीत. कापडाचा कस बघावा तसं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढं वाकत न्हाई मी.” थोडं थांबून, माझ्याकडं न बघता, “तसं म्हनलं तर मीबी काय कमी न्हाई. सिस्टर पंखा बघ म्हनली की गेले पंखा बघाया. छातीत दुखायलंय म्हनून समद्यांसमोर सांगायची लाज वाटली रे. माझ्या तोंडावर कोन इस्वास ठेवलं असतं?”

 नेलेली मोसंबी तिथं ठेवली आणि आलो. त्यानंतर मंठाळला आलेला तो फोन.

आता अक्कांच्या जागी समितीनं कुणाला नेमलं नाही. मीच अधूनमधून दवाखान्यात जातो आणि रांगेत बसतो. सोंग नाही, पदर नाही, खोकला नाही. पहिल्या वेळी पोरं म्हणालीच, “हणमंतूमामा, अक्का करा की!” मी मान हलवली. समोर सिस्टर रांगेतून फिरत होत्या. अक्का गेल्यापासून त्या खिडकीत बसत नाहीत, बाहेर येतात, प्रत्येकीच्या पुढ्यात वाकून हातात मनगट घेतात. ओळखीची असो, बिनओळखीची असो. मला वाटलं, मला ओळखून पुढं जातील. त्यांनी माझंही मनगट धरलं. खाली बघतच विचारलं, “काय होतंय तुमाला?”

तीन भाषांत बोलणारा माणूस मी. मागं रांग खोळंबली होती आणि मला एका भाषेतसुद्धा सांगता येईना.