भांगेचे आणि भांगाचे

यादीला आठ रकाने होते: क्रमांक, कुणी कुणाला लिहिलं, कागदाचा प्रकार, पानं, शाई, खोडलेल्या ओळी, फाटलेलं आणि सारांश. रकाने मीच आखले होते आणि त्यांचा मला अभिमान होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी रोह्याच्या एका वाचनालयात कामाला होते, राहायला वरश्यात. मुंबईच्या एका अभिलेखागाराने कळवलं होतं की दुसऱ्या महायुद्धात लढायला गेलेल्या शिपायांची पत्रं आपल्या भागात असतील तर यादी करा, घरच्यांची संमती घ्या आणि पाठवून द्या. पेणच्या एका ओळखीच्या शिक्षिकेने सांगितलं, धरमतरच्या बाजूला एका आजींकडे नवऱ्याची पत्रं आहेत. नवरा लढाईतून परत आला, मिठागरावर राबला आणि म्हातारा होऊन गेला. पत्रं मात्र बिस्किटांच्या डब्यात राहिली.

पहिल्या खेपेला मी एकूण तेवीस पत्रं मोजली आणि टिपणं काढली. डबा न्यायची परवानगी मिळाली नाही.

"आधी यादी वाचून दाखव," आजी म्हणाल्या. "मला अक्षर येत नाय, पण कान हायत."

आठ दिवसांनी परत गेले. पिशवीत टंकलेल्या यादीच्या तीन प्रती, अंगठ्यासाठी शाईचा पॅड, पुसायला फडकं. ओटीवर आजी, शेजारी त्यांची सून सुकट निवडत बसलेली. मी वाचत गेले आणि आजी माना डोलावत गेल्या. सातव्या पत्राशी आले.

"सारांश: खुशाली. पलटणीत भांगेचे सेवन."

आजींची मान थांबली. "काय म्हनालीस?"

मी पुन्हा वाचलं. सून तोंडाला पदर लावून हसू लागली. आजींनी डबा ओढून मांडीखाली घेतला.

"हा कागद तिकडं कपाटात किती दिस राहनार?"

"कायमचा, आजी."

"म्हंजे मी मेले तरी माझा मानूस तुझ्या कागदावर भांग पीत बसनार! नाय द्यायची मला पत्रं. जा गो तू."

"पण आजी, त्यांनीच लिहिलंय," मी टिपण काढून वाचलं. "'मागल्या आठवड्यात उधाण होतं. आता भांग आहे, सगळे निवांत आहेत.'"

"मंग? उधानामागून काय येतो?"

मी टिपण पुन्हा चाळलं.

"जाऊ दे ना आई," सून म्हणाली. "रोह्याची बाय ती, तिला खाडीचं काय ठाव?"

मग तिनेच समजावलं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी चढतं ते उधाण, तेव्हा मिठागराचे बांध फुटायची भीती. अष्टमीच्या आसपास पाणी जेमतेम हलतं, तो भांग. पिण्याची ती भांग, पाण्याचा तो भांग.

"पण लढाईत भरती-ओहोटी कशाला लिहायची?" मी विचारलं.

आता आजी हसल्या. डबा मात्र मांडीखालीच होता. "जाताना बोलनं झालं व्हतं आमचं. गोळ्या चालू असल्या की उधान, थांबल्या की भांग. पत्रं वाचनारा साहेब गावांची नावं काळी करायचा, पान्याला कोन काळं करतो? पोस्टमन सगळ्या घरासमोर वाचायचा. सासू म्हनायची, पोराला तिकडं पन खाडी गावली, बरं झालं. मला एकटीला कळायचं. उधान आला की मला घास जायचा नाय. भांग आला की दोन भाकऱ्या."

मी तिन्ही प्रतींवर ती ओळ खोडली. 'भांगेचे'ची एक मात्रा जाऊन काना आला, 'सेवन'च्या जागी 'दिवस' आले. मग पट्टी काढून नववा रकाना आखला: स्थानिक शब्द व अर्थ. पहिल्या सहा पत्रांतही उधाण होतं, ते मी 'हवापाणी' म्हणून उरकलं होतं. तेवीसच्या तेवीस पत्रं पुन्हा वाचली. आजी अर्थ सांगत होत्या, मी लिहीत होते. परतीची शेवटची शटल गाडी चुकली, वाहतुकीच्या टेंपोतून वडखळ गाठावं लागलं, तरी त्या दिवसाइतकं नीट काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

"लिही, जन्मात कदी नशा केली नाय," आजींनी शेवटी सांगितलं.

"ताडी?" सुनेने हळूच विचारलं.

"ताडी येगळी!"

तेवढं मी लिहिलं नाही. सातवी नोंद त्यांनी दोनदा वाचून घेतली, अंगठा उठवला, आणि मांडी उचलून डबा माझ्याकडे सरकवला.

महिन्याभराने मुंबईहून पोच आली. नोंदी यादीबरहुकूम, नवव्या रकान्यासकट. आजींना कळवायला कार्ड घेतलं. पोस्टमन ते मोठ्याने वाचणार, हे ठाऊक होतं. पत्ता नीट घातला आणि मजकूर एकाच ओळीचा लिहिला: "आजी, इकडे भांग आहे."