दादा हसत नव्हता

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोणी विचारलं तर विषय बदलला, पुन्हा विचारलं तर अंगावर गेलो. आता माझंही वय झालं. म्हणून लिहितो.

अकोल्याच्या दवाखान्यात नर्स दादाला सुई टोचत होती आणि दादा, माझा थोरला भाऊ, हसत होता. मी डोळे वटारले. मेंदूच्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि मला बाहेर नेलं.

"हे हसणं लकव्यानंतरचं का?"

"हो."

"याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. हसण्या-रडण्यावरचा मेंदूचा ताबा सुटतो. आत दुःख असतं आणि चेहऱ्यावर हसू फुटतं. त्यांना ते थांबवता येत नाही. गोळ्यांनी पुष्कळ कमी होतं. आधी कोणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. पहिल्या डॉक्टरनं हात-पाय हलवून पाहिले, बोलणं जडच राहील म्हणाला आणि घरी पाठवलं. त्याचा आजही संताप येतो. पण त्याच्यावर संतापणं सोपं आहे.

"त्याला सगळं समजतं का?" मी विचारलं.

"तुमच्या-माझ्याइतकं."

मी बाकावर बसलो. म्हणजे ती थापडही त्याला समजली होती.

कारंजा गावाजवळ आमची भाजीची बाग. दादा बाजारात इतका गंभीर बसायचा की गिऱ्हाईक म्हणायचं, "काबे भाऊ, वांगे इकून राह्यला का सजा सुनावून राह्यला?" लकव्यानंतर तोच माणूस गारपिटीनं बाग झोडपली तेव्हा हसला. बाजारानं त्याला 'हसऱ्या' करून टाकलं. मला लाज वाटायची ती दादाची. नाव ठेवणाऱ्यांची नाही.

वहिनी पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणायची, "भाऊजी, हासून नाही राह्यले हे. डोये पाहा न त्याइचे." मी पाहिले नाहीत.

मग वहिनीच गेली, अचानक, छातीत कळ येऊन. मूलबाळ नव्हतं, म्हणून स्मशानात पाण्याचं मडकं दादाच्या खांद्यावर दिलं. चितेभोवती पहिलीच फेरी, आणि दादा हसला. खदाखदा. मागून कोणी तरी बोललं, "बुढ्याले खुशी झाली वाट्टे!" दोघं-चौघं फिसकले.

त्यांच्या थोबाडीत द्यायला हवी होती. मी दिली दादाच्या. "लाज नाही वाटत तुले?" मडकं हिसकावलं, फेऱ्या मी मारल्या, अग्नी मी दिला. दादा बाभळीखाली उभा होता, हसतच. पुढे माझ्या मुलीच्या लग्नातही त्याला मळ्यातल्या खोलीत ठेवलं.

तुमच्या घरी लकव्याचं माणूस असेल आणि ते भलत्या वेळी हसत किंवा रडत असेल, तर हात उचलू नका. डॉक्टरला हेच विचारा. आणि स्वभाव बदलला असं म्हणू नका. माणूस तोच असतो. आपण त्याला नवं नाव देऊन मोकळे होतो.

गोळ्या लागू पडल्या. हसू ओसरलं, जुना दादा चेहऱ्यावर परत आला. एका सकाळी मी मेथीच्या जुड्या बांधत होतो. शेजारी बसलेला दादा अडखळत बोलला, "आग... तिले... मले द्याची होती."

हातातली जुडी खाली ठेवली. "दादा," म्हणालो. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. उगाचही रडू येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तेवढंच धरून ठेवलं. आजार आहे, म्हटलं स्वतःला, आणि जुड्या उचलून बाजाराची एसटी पकडली. भित्रा साला मी.

त्या हिवाळ्यात दादा झोपेतच गेला. मडकं पुन्हा माझ्याच खांद्यावर आलं. फेऱ्या मारताना माझे ओठ हलत होते. लोकांना वाटलं, देवाचं नाव घेतोय. आवाज तेव्हाही फुटला नाही. म्हणायचं होतं ते एवढंच.

दादा, माह्यं चुकलं. ते मडकं तुह्यं होतं.