ओयची जुनी नोंद

२३ जानेवारी २०२५ रोजी सकाळी नुयने पितळी ताटात नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव बाट ठेवले आणि ताट ओयच्या आईपुढे सरकवलं. थायलंडमधल्या यासोथोनच्या बाजारात नूडलवाल्यांना बर्फ पुरवण्याचा नुयचा धंदा. गोण्या ओढून ओढून बावन्नाव्या वर्षीच खांदे उतरले होते.

एकवीस वर्षांपूर्वी नुय आणि ओय एकत्र राहू लागल्या, तेव्हा म्हातारीने हिणवलं होतं, "बाई असून जावई व्हायचंय? सरकार हो म्हणेल त्या दिवशी ये. येताना शकुनाचे नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव आण." सरकार हो म्हणेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नुयने मात्र तो टोमणा दर म्हणून धरला आणि महिन्याच्या महिन्याला बँकेत भर टाकत राहिली. पुढे संसदेत अशा लग्नांवर चर्चा सुरू झाली, बाजारात त्यावरून भांडणं लागली. टीव्हीवर तो विषय निघाला की ओय आवाज बारीक करी. लाजते, असं नुयला वाटे.

आज कायदा अमलात आला होता.

"म्हशीसारखी हट्टी आहेस," म्हणत म्हातारीने ताट मांडीवर घेतलं आणि दोघींच्या मनगटांना आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला.

साक्षीला नूडलवाले थोंगफूनकाका आणि काकू दुकान बंद ठेवून आले.

"यातली नवरी कोण, ते तरी ठरलं का?" काकांनी विचारलं.

"दोघी. म्हणून आहेरही दोन काढा," नुय म्हणाली.

जिल्हा कार्यालयातल्या कारकुनाने ओळखपत्रं पाहिली, मग संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला. ओयला कागदावरच्या नावाने म्हणाला, "ओराथाईबाई, तुमचं लग्न झालेलं दिसतंय. २००१ सालची नोंद आहे. घटस्फोट नाही."

नुय हसली. "ते होय! आठ महिन्यांत पळाला तो. जाणत्या माणसांनी तेव्हाच हिला मोकळं केलं."

तिच्या लेखी त्यात काही वावगं नव्हतं. गावात संसार जाणत्यांपुढे मांडतात, मोडतातही त्यांच्याचपुढे. नोंद मोडायला जिल्ह्याला कोण जातो?

"गावाने मोकळं केलं असेल ताई, दप्तराने नाही. त्या नवऱ्याला घेऊन या. घटस्फोटावर दोघांच्या सह्या झाल्या की दहा मिनिटांचं काम."

"आता त्याला शोधायचं कुठं?"

"शोधायचं कशाला?" काकू भाबडेपणाने बोलून गेल्या. "सात वर्षांमागं आला होता की सह्या मागायला! ओयनंच हाकलला."

काकांनी त्यांना कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता.

बाहेर बाकावर नुयने विचारलं, "खरं आहे?"

"खरं आहे, फी." थोरलीला म्हणतात तसं ओय तिला कायम फी म्हणे. "टाकलेली का होईना, कुणाची तरी बायको होते मी. म्हणून बाजारात तोंड वर करून चालता आलं. सही केली असती तर फक्त तुझी उरले असते."

"एवढं वाईट होतं ते?"

ओय म्हणाली, "मला वाटलं, कायदा कधी होणारच नाही."

"झाला ना आता. शोधूया त्याला. सही करशील?"

"राहतोयच की एकत्र. कागद कशाला हवा?"

एकवीस वर्षं नुयने सरकारला शिव्या घातल्या होत्या. आता शिव्या घालायलाही कुणी उरलं नाही. ती उठली आणि गाडीकडे गेली.

तेव्हापासून ती बर्फाच्या वखारीतच चटईवर झोपते. ओय डबा पाठवते, ती तो खाते. बर्फ सगळीकडे वेळेवर पोचतो. थोंगफूनकाकांच्या दारात मात्र ती गोणी टाकून लगेच निघते, कारण काकू माफी मागायला बाहेर येतात. त्या दिवशी साक्षीपायी त्यांचं दुकान बंद राहिलं, त्या बुडालेल्या धंद्याचे चारशे वीस बाट तिने द्यायचे कबूल केले होते. ते अजून दिलेले नाहीत.