आंब्याची आंघोळ

चाकणजवळच्या त्या गोदामाच्या आवारात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथलं आंब्याचं झाड ओलंचिंब होतं आणि मला फक्त रडू यायचं बाकी होतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. परदेशातून मशिनं येतात ती लाकडी खोक्यांतून. त्या लाकडात लपून कधीकधी खोड पोखरणारा परका भुंगेराही येतो. तो डोळ्यांना दिसेपर्यंत झाड आतून खलास झालेलं असतं. पण किडा जिथे वावरतो तिथे त्याची विष्ठा, अंगाचे कण सालीवर राहतातच, आणि त्या कणांत त्याचा डीएनए असतो. म्हणून आम्ही खोडावर स्वच्छ पाण्याचा फवारा मारतो, ओघळ बाटलीत धरतो, गाळतो आणि गाळणी प्रयोगशाळेत नेतो. किडा न दिसताही त्याचा माग लागतो.

खोक्यांच्या थप्पीला लागून हा एकच आंबा होता. जमीन एका आजींच्या घरची. मुलाने शेड बांधून कंपनीला भाड्याने दिली, तेव्हा आजी अडून बसल्या आणि आंबा तेवढा वाचला. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी आणि सासूने मिळून लावलेला. भुंगेरा निघाला तर झाड तोडून तिथेच जाळावं लागेल, हे मी त्यांना आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं.

आणि त्यांनी सकाळीच पाइप लावून, नारळाच्या शेंडीने घासून खोड लख्ख केलं होतं.

"आजी, हे काय केलंत?"

"तू तपासाया येनार हुतीस ना. पारोसं कसं दाखवायचं?"

माझं डोकं फिरलं. चाकणच्या ट्रॅफिकमधून दोन तास रखडत आले होते. जे कण गोळा करायला आले ते सगळे वाहून गेले होते. मी वाट्टेल ते बोलले. "तोडायला लागू नये म्हणून मुद्दाम धुतलंत ना?" हेही बोलले.

आजी पदराला हात पुसत होत्या. "न्हाई गं पोरी. लपवायचं आसतं तर तुला गेटातनंच परत धाडली नसती का?"

नवे कण साचेपर्यंत, पंधरा दिवस झाडाला कुणीही हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, असं बजावून मी निघाले.

काळेवाडीत घराजवळ पोचता पोचता मला आई आठवली. नांदेडहून आलो तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. मला ताप आला की दवाखान्यात नेण्याआधी ती कढत पाण्याने अंग पुसायची, वेणी घालायची, पावडर लावायची आणि ठेवणीतला फ्रॉक चढवायची. डॉक्टर हसायचे. पोरीची कुणीतरी नीट काळजी घेतंय, हे डॉक्टरांना दिसायला हवं, एवढंच तिला वाटायचं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पंधरा दिवसांनी गेले तर खोडावर धुळीचा थर होता आणि बेचक्यात कोळ्याने जाळं विणलं होतं. आजी पाच पावलं लांब, दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या होत्या.

"बोट लावलं न्हाई बघ. हळदीकुंकूपन लांबनंच टाकलं, त्येबी जमिनीवर."

"आजी, त्या दिवशी मी फार बोलले. चुकलंच माझं."

"आसू दे. घे तुझं पानी."

या खेपेला नमुना चांगला मिळाला, आणि त्यात भुंगेऱ्याचा डीएनए निघाला. मग माणूस वर चढवून बघितलं, तर वरच्या फांद्यांत भोकं होती आणि आत जिवंत अळ्या होत्या. वाद घालायला जागा उरली नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण मी रजा टाकून गेले.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी धुतलं म्हनून तर न्हाई ना झालं?"

"नाही हो, आजी. तो आधीपासूनच आत होता."

"कधी तोडनार?"

"उद्या सकाळी."

त्या झाडाकडे वळल्या. मला वाटलं, आता रडतील, शिव्या देतील. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

"तुला आता काय घ्यायचं ऱ्हायलं न्हाई ना त्याच्या अंगावरनं?"

"नाही."

"मग आता घालू का आंघोळ?"

मी मान डोलावली. आजींनी पाइप नको म्हटलं. चुलीवर पाणी तापवलं, बादलीत विसण घातलं आणि मला म्हणाल्या, "कढत न्हाई ना, बघ जरा."

मी बादलीत हात घालून पाहिलं आणि पहिला तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. मग त्यांच्या शेजारी उभी राहून मीही खोड चोळू लागले. तोवर त्या झाडाला मी हातमोज्यांशिवाय एकदाही शिवले नव्हते.