प्रोफाइलवरचं नाव आणि माझी साक्ष

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. रक्कम साडेबारा पाउंड, परत न मिळणारी. हजर: मी, माझी बायको आणि आमच्या लीड्सच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मल्याळी नर्स. ती मला अंकल म्हणते आणि बायकोला चेची, म्हणजे ताई. या हिशेबाने मी बायकोचा काका लागतो. मी एकदा हरकत घेतली होती. बायकोने ती फेटाळली.

साडेबारा पाउंड मल्याळी लोकांच्या एका डेटिंग अ‍ॅपने ओळख पडताळायला घेतले होते. बेसिंगस्टोकचा एक आयटीतला मुलगा तीन आठवडे तिच्याशी त्यावर गप्पा मारत होता. तो तिला आवडला होता. तसं ती म्हणाली नव्हती, पण आमचं एक पातेलं करपवून झालं होतं. रविवारपर्यंत पडताळणी झाली नाही, तर अ‍ॅप तिचं खातं बंद करणार होतं. फोन नंबर देऊ-घेऊ द्यायचाही नाही, असा त्यांचा नियम.

अडचण नावाची होती. केरळात पुष्कळांना दोन नावं असतात: एक शाळेच्या दाखल्यावरचं, एक घरातलं. माणूस घरातल्या नावाने जगतो. दुसरं सरकारच्या समाधानासाठी. तिने प्रोफाइलवर घरातलं नाव टाकलं आणि पुरावा म्हणून पासपोर्ट दिला. अ‍ॅपने नाकारलं. आता शेवटचा उपाय म्हणजे घरमालकाची व्हिडिओ कॉलवर साक्ष.

मी इस्त्रीचा शर्ट घातला, भाडेकराराची फाइल पुढ्यात ठेवली. पडद्यावर अ‍ॅपच्या ऑफिसातली एक बाई आली.

"सर, प्रोफाइलवरच्या नावाने तुम्ही या व्यक्तीला ओळखता का?"

मी नाव वाचलं. चौदा महिन्यांत ते कधी ऐकलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"अंकल!"

"अहो!" ही बायको, ओट्याजवळून.

"पासपोर्टवरच्या नावाने ओळखतो," मी खुलासा केला. "पासपोर्ट मी स्वतः तपासलाय. प्रत्येक पान."

"थँक यू सर, फार मदत झाली," बाई म्हणाली आणि कॉल बंद झाला. दोन मिनिटांत आमच्या भाडेकरू मुलीचं खातंही.

"एक 'हो' म्हणायला काय झालं होतं?" बायकोने विचारलं.

"साक्ष होती ती."

"मग आता जेवायलाही साक्षच वाढते."

मुलगी वर निघून गेली. मला खरोखर वाईट वाटलं. उत्तर बरोबर होतं, तरीही.

पण मल्याळी माणसाला शोधायला मल्याळी माणूस पुरतो. रविवारी तिने हॉस्पिटलच्या नर्सेसच्या ग्रुपवर मुलाचं गाव आणि चर्च लिहिलं. चाळीस मिनिटांत त्याची मावसबहीण सापडली, तिच्याच हॉस्पिटलात, दोन मजले खाली.

पुढच्या शनिवारी मुलगा दारात उभा राहिला. हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी आणि प्लास्टिकचं फोल्डर.

"अंकल, माझंही खातं बंद केलं," तो म्हणाला. "मीपण घरातलंच नाव टाकलं होतं." मग फोल्डर पुढे केलं. "तुम्ही पासपोर्ट बघता असं कळलं."

पासपोर्ट, लायसन्स, कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल. मी सगळं बघितलं. बिलावरचा पत्ता लायसन्सशी जुळत होता. इतका व्यवस्थित मुलगा मी या देशात पाहिला नव्हता.

"पास?" मुलीने जिन्यावरून विचारलं.

"पास. आता तुम्ही दोघं बाहेर जा, चेचीला आवरायचंय," बायको म्हणाली.

निघण्याआधी मी मुलीला थांबवलं. नुकसान माझ्या साक्षीने झालं होतं, म्हणून साडेबारा पाउंड रोख तिच्या हातावर ठेवले आणि पावती मागितली. तिने हसत सही केली, घरातल्या नावाने. ती पावती मी तिच्या फाइलला लावली आहे. पुन्हा कुणी विचारलं तर 'हो' म्हणायला आता माझ्याकडे पुरावा आहे.