उभा राहणारा सेंटर हाफ

यादी अजून डकवायची होती. खळीचा ब्रश माझ्या हातात होता आणि शाळेच्या दारासमोर पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यात विद्यार्थी एकही नव्हता.

"मास्तर, केशवचं नाव तं नाई ना यादीत?" सखारामनं विचारलं.

सखारामचं कटिंगचं दुकान शाळेसमोरच होतं. हातात वस्तरा घेऊनच तो रस्ता ओलांडून आला होता. त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईक, एका गालावर साबण तसाच. फुटबॉलची फायनल दुसऱ्या दिवशी होती, तेव्हा दाढीला कोण विचारतो?

"आहे," मी म्हणालो.

मग जो गलका झाला, तो ऐकून हेडमास्तर बाहेर आले.

ही गोष्ट मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. मी वाशीमच्या एका हायस्कुलात ड्रिलमास्तर होतो. सकाळी कवायत, दुपारी लेझीम आणि संध्याकाळी फुटबॉल, हे माझं काम. त्या काळी टीम उभी करायची ती दोन बॅक, तीन हाफबॅक आणि पाच फॉरवर्ड अशी. मधल्या तिघांतला मधला तो सेंटर हाफ. आता त्याला मिडफिल्डर म्हणतात. मागून आलेला बॉल पुढे पोचवायचा आणि पुढून आलेला अडवायचा, हे त्याचं काम. ती जागा बिघडली की टीम बिघडली.

त्या जागेवर मी केशवला घेतलं होतं. गावाबाहेर त्याच्या वडिलांचा भाजीपाल्याचा मळा होता. पोरगा मॅट्रिकच्या वर्गात, अंगानं किरकोळ, बोलायला कमी. बॉल त्याच्या पायाला लागला की चिकटायचा. बॉल नसला की मात्र तो उभा राहायचा, कंबरेवर हात ठेवून.

शेजारच्या मालेगावच्या पोरांशी शिल्डचा पहिला सामना आम्ही एका गोलनं जिंकलो. तरी संध्याकाळी सखारामच्या दुकानात केशवचीच चर्चा.

"सारे धावून राह्यले, अन् हा बावाजी उभा!" सखाराम म्हणाला. "बापाच्या मळ्यात राखण करते का इथं?"

"बॉल मात्र दर वेळी त्याच्याकडेच जातो," वकीलसाहेब म्हणाले. ते रोज दाढीला यायचे आणि रोज सखारामच्या विरुद्ध बोलायचे.

"जाईनच ना! एका जागी खुट्यावानी उभा राह्यला तं बॉल आदळनच त्याच्यावर."

सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो. माझं सगळं आयुष्य पोरांना हलवण्यात गेलेलं. कवायतीत जो उभा राहिला तो आळशी, एवढं मला पक्कं ठाऊक. मी केशवला बोलावलं आणि सांगितलं, "पुढच्या सामन्यात मला तू एक क्षणही उभा दिसता कामा नये."

"हो, मास्तर," तो म्हणाला. एवढंच.

पुढचा सामना कारंज्याच्या टीमशी. केशव धावला. इकडे धावला, तिकडे धावला, स्वतःच्याच फॉरवर्डच्या अंगावर जाऊन पडला. मधली जागा मोकळी पडली आणि कारंज्याची पोरं त्या मोकळ्या जागेतून आरामात आत-बाहेर करू लागली. आम्ही दोन गोल खाल्ले. आमच्या मारोतीनं एकट्यानं धडपडून तीन मारले म्हणून वाचलो. मारोती आमचा इनसाइड फॉरवर्ड. पाय घोड्याचे, दम कधी लागायचा नाही.

आता तर लोकांना मुद्दाच मिळाला. केशव उभा राहतो तेव्हा आळशी, पळतो तेव्हा गोंधळ करतो. काढा त्याला आणि सेंटर हाफला मारोती घाला. कापसाच्या जिनातले हमाल तेच म्हणत होते, कचेरीतले कारकून तेच म्हणत होते. माझ्या घरी दूध घालणारी बाई दूध मोजता मोजता म्हणाली, "मास्तर, मारोतीले मधात घेजा बरं."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पण मुलाच्या तोंडावर सांगावं, यादीतून कळू नये, असा माझा नेम होता. म्हणून यादी लावायच्या दिवशी सकाळीच मी केशवच्या मळ्यावर गेलो.

त्याचे वडील पुंडलिकराव मोट हाकत होते. केशव खाली मेथीच्या वाफ्यांमध्ये फावडं घेऊन उभा होता. कंबरेवर एक हात. पाण्याकडे पाठ!

"काय रे, इथंही उभाच?" मी म्हणालो.

तो लाजला. पण तेवढ्यात विहिरीवर मोटेचं चाक कुरकुरलं आणि त्यानं न बघताच फावडं उचललं. पुढच्या वाफ्याचं तोंड फोडलं, मागच्याचं बुजवलं. मग कुठे पाणी दांडातून सळसळत आलं आणि सरळ नव्या वाफ्यात शिरलं. दांड म्हणजे पाणी वाहून नेणारा मातीचा पाट. केशव पुन्हा उभा. नजर त्याच्या पुढच्या वाफ्यावर.

मी बांधावर बसलो. चांगला तासभर बसलो असेन. एकदाही पाणी त्याच्याआधी पोचलं नाही.

"पाण्याकडे बघत का नाहीस?" मी विचारलं.

"पानी तं येतेच, मास्तर. चाकाचा आवाज आला का समजते. ते कुठी न्यायचं, ते आंधी पाहा लागते. पानी आल्यावर वाफा पाहाले गेलं तं दांड फुटते."

"आणि बॉलचं?"

तो फावड्याच्या दांड्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "बॉलचं बी तसंच हाय. पन तुमी पळ म्हनले. पळता पळता पाहाले नाई जमत."

मला लाज वाटली. इतकी वर्षं शिट्टी फुंकतो आहे, पण पोरगा उभा असताना कुठे बघतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. पाय तेवढे पाहिले.

"उद्या उभा राहा," मी म्हणालो.

"लोक वरडतीन."

"ओरडू दे. मीही ओरडलो तर माझंही ऐकू नकोस."

तिथून मी सरळ शाळेत आलो, यादी लिहिली आणि खळ मागवली. आता दारासमोरच्या त्या गलक्याकडे परत येतो.

हेडमास्तर पुण्याकडचे, मोजून बोलणारे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अख्खं गाव एक म्हणतं आणि तुम्ही एक. कशाच्या आधारावर?"

मेथीच्या आधारावर, असं काही मला सांगवेना. "मी त्याला तासभर पाहिलं आहे," मी म्हणालो.

"ठीक. टीम तुमची. पण हरलात तर पुढच्या वर्षीची टीम दुसरं कोणी निवडेल."

"चालेल," मी म्हणालो. चालणार नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. मी यादी डकवली. सखारामनं ती दोनदा वाचली आणि वस्तरा मिटून, गिऱ्हाइकाला तसंच सोडून निघून गेला.

फायनल जिनामागच्या मैदानावर झाली. समोर अकोल्याची एक टीम, पायांत बूट. आमची सगळी अनवाणी. गाव असं लोटलं होतं की सरकीच्या ढिगावरही जागा नव्हती. पुंडलिकराव मोट सोडून आले होते आणि खांद्यावरचा शेला डोक्याला गुंडाळून लाईनपाशी उकिडवे बसले होते.

पहिला हाफ कोरा गेला. केशव उभा होता आणि लोक पेटले होते.

"अबे पळ ना! पायात मेंदी लावली का?"

"मास्तर, काढा त्याले!"

एकदा बॉल पलीकडे असताना तो असा निवांत उभा दिसला की माझाच हात शिट्टीकडे गेला. सवय जाते थोडीच! मी शिट्टी खिशात घातली आणि वर रुमाल कोंबला.

दुसऱ्या हाफमध्ये ते घडलं. आमच्या बॅकनं बॉल लांब मारला. केशवनं मान वळवून डावीकडे पाहिलं, बॉल अजून हवेतच होता. तो आला, केशवनं एकदाच पाय लावला. डावीकडे आमचा युसूफ मोकळा होता, हे मैदानावर केशवशिवाय कुणाला माहीत नव्हतं. खुद्द युसूफलाही नव्हतं. तो दचकला, मग सुटला. त्यानं बॉल मध्ये घातला आणि मारोतीनं धावत येऊन गोल केला.

अकोल्यानं बरोबरी केली. बुटांपुढे आमची पोरं दमायला लागली. केशव तेवढा दमला नव्हता, कारण तो उगाच पळालाच नव्हता. शेवटची पाच मिनिटं राहिली. अकोल्याच्या दोघांनी आता आमची डावी बाजू धरून ठेवली. केशवकडे बॉल येत होता आणि तो डावीकडे बघत होता. अरे, तिकडे माणसं आहेत!

बॉल आला आणि त्यानं तो उजवीकडे सोडला. तिकडचा वाफा त्यानं आधीच पाहून ठेवला होता. मारोतीनं पंचवीस पावलं मोकळी दौड मारली आणि जाळ्याच्या कोपऱ्यात बॉल ठेवला. दोन-एक. शिट्टी झाली तेव्हा मी, ड्रिलमास्तर, हेडमास्तरांना मिठी मारून उड्या मारत होतो. तेही मारत होते.

शिल्ड घेऊन मिरवणूक निघाली. सर्वांत पुढे सखाराम, खांद्यावर केशव. "म्या तं पयल्या दिवशीच सांगतलं होतं!" तो ज्याला त्याला ऐकवत होता. "बॉल याच्याकडेच जाते, म्हनून!" वकीलसाहेब माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसले.

पुंडलिकराव माझ्याजवळ आले. त्यांना फुटबॉलातलं काही कळत नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "पोरानं दांड नाई फुटू देला, मास्तर."

पुढच्या वर्षीची टीम मीच निवडली. केशव मॅट्रिक होऊन गेला होता. त्याच्या जागी मी एक चपळ पोरगा घेतला, सगळ्या मैदानभर धावणारा. पहिला सामना संपला आणि सखाराम तावातावानं माझ्याकडे आला.

"मास्तर, हा कोन आनला? नुसता पळून राह्यला! त्याले उभं राहाले शिकवा ना!"

नोकरीत मी पुढे आणखी बरीच वर्षं काढली. त्यात एवढंच शिकलो, की पोराला उभं राहायला शिकवता येतं, उभं राहून बघायला मात्र मळ्यावर पाठवावं लागतं. त्या चपळ पोराला तर मी सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पुंडलिकरावांकडे पाठवलं.