सोळावर ठेवलेलं घर

अवी गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे परदेशात, रिकार्टनला, माझ्या शेजारच्या त्याच्याच घरात त्याच्याच कुंड्यांना पाणी घालत होते. पुण्याहून मेधाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. "ताई, अवी गेला गं..." जेवून उठला आणि कोसळला म्हणे. सुट्टीवर गेलेला माणूस! हातातली झारी तशीच धरून मी किती वेळ उभी होते, देव जाणे.

हॉल गार होता, पण गारठलेला नव्हता. ते अवीचं शास्त्र. आम्ही बाकीचे भारतात जाताना हीट पंप, म्हणजे घर तापवणारा भिंतीवरचा तो पांढरा डबा, बंद करतो आणि परत येऊन भिंतींची बुरशी घासत बसतो. अवी सोळा अंशांवर ठेवून जायचा. "रिकामं आहे म्हणून काय घराला काकडवायचं का, ताई?" असं वर मलाच विचारायचा. परतताना मात्र ऑकलंड विमानतळावरूनच मोबाइलवर बावीस करायचा, म्हणजे दार उघडलं की मेधा आणि लेक उबेत. मी म्हणायची, "अरे, बायकोपेक्षा त्या डबड्याची काळजी जास्त तुला!" हसायचा नुसता. इतका गोड माणूस... धड रागावताही यायचं नाही त्याच्यावर.

दिवसकार्य झाल्यावर मेधा लेकीला घेऊन नाशिकला माहेरी गेली, ती परत यायचं नावच काढेना. नोकरी इथे, लेकीची शाळा इथे. पण "त्या घरात पाऊल कसं टाकू?" एवढंच म्हणायची. आम्ही सगळे धास्तावलो होतो. आणि एका सकाळी तिचा घाबराघुबरा फोन... "ताई, घरात कोण आहे? मोबाइलवर बावीस दिसतंय."

मी धावत गेले. बाहेर गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं, आत मात्र छान ऊब. कुलूप ठीक, खिडक्या बंद, सोफ्यावरच्या उशा जशाच्या तशा. मी सोळा करून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बावीस. त्या उबेत माझ्या अंगावर सरसरून काटा आला. "कोण आहे?" असं मोठ्यांदा विचारलंसुद्धा, आणि उत्तर येईल या भीतीनं बाहेर पळाले.

मग डोक्यात प्रकाश पडला. अवीचा मोबाइल पुण्यात त्याच्या आईकडे होता, उशाशी घेऊनच झोपायच्या त्या. इथलं घर तिथून कसं तापवायचं, ते त्यानंच त्यांना हौसेनं शिकवलं होतं. हुश्श केलं आणि काकूंना फोन लावला. "काकू, बावीस तुम्हीच करता ना?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "मी रोज सोळा करते. तोच वाढवतो."

मी फोन ठेवून दिला. मेधाला काय सांगू? आईच करतात असं ठोकून द्यायचं, म्हणजे पोर घाबरणार नाही, असं ठरवूनच तिला फोन केला. पण तिचा आवाज ऐकला आणि खोटं तोंडातून निघेना. होतं ते सांगितलं. वाटलं, संपलं, आता ही काही येत नाही.

"आईंना सांग," मेधा म्हणाली, "कमी करू नका म्हणावं. मी तिकीट काढतेय."